लुक्का, लेच्चे की बोलोन्या? लांबलेलं उत्तर

तुम्ही विचारलंत: नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं, मुलगी यंदा पाचवीत, दोनेक वर्षं इटलीत काढायची आहेत, तर मुक्काम लुक्काला करावा, लेच्चेला की बोलोन्याला? आणि शेवटी जाता जाता, "तिथे एकटं वाटतं का?" व्हिसा, उत्पन्नाची अट, विमा हे सगळं वकिलातीच्या साइटवर आहे, ते इथे उगाळत नाही. मी राहते उत्तर इटलीतल्या क्रेमोनात. हे गाव तुमच्या यादीत नाही, आणि ते बरंच आहे.

तिन्ही गावं देखणी आहेत, म्हणूनच देखणेपणावरून ठरवू नका. इटलीत तो कुठेही मिळतो. लुक्काच्या तटावरून चार किलोमीटरची फेरी झाडांच्या सावलीतून मारता येते, अगदी झकास. पण तटाच्या आतली बरीच घरं पर्यटकांना आठवड्याच्या हिशेबाने जातात. मालकाला तुमच्याशी रीतसर करार करून तो सरकारदरबारी नोंदवण्यात रस नसतो. करार नोंदलेला नसेल तर कोमूनेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, रहिवासी म्हणून नाव लागताना अडचण येते. तिथे गाडी अडली की डॉक्टर, ओळखपत्र, पुढचं सगळंच अडतं. लेच्चे सुरेख, पण रोमहूनच रेल्वेने पाच-साडेपाच तास. बोलोन्याचं विद्यापीठ 1088 सालापासूनचं समजतात, आणि घर शोधताना त्या सगळ्या शतकांचे विद्यार्थी आपल्या पुढे रांगेत उभे आहेत असं वाटतं.

मी दोनच गोष्टी बघेन. गाव जिल्ह्याचं हवं आणि घर स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ हवं. इथे राहण्याच्या परमिटचे कागद पोस्टातून पाठवले तरी बोटांचे ठसे द्यायला क्वेस्तूरात, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत, जावंच लागतं, आणि एका खेपेत काम झालं असं सांगणारा मला अजून भेटलेला नाही. राहिली गाडी. आपलं लायसन इथे बदलून मिळत नाही आणि रहिवासी झाल्यावर वर्षभरच चालतं. पुढे परीक्षा, तीही इटालियनमधून. तोवर टेकडीवरच्या एखाद्या देखण्या दगडी घरात राहिलात, तर दूध आणायलाही कुणाच्या तरी पाया पडावं लागतं.

आता नावाचं. हे कुठल्याच साइटवर नीट सांगितलेलं नाही. इथे बायका लग्नानंतर कागदोपत्री माहेरचंच नाव लावतात. आपला जन्मदाखला एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या, त्यात नवऱ्याचं नाव मधे. खिडकीतल्या बाईने माझे दोन्ही कागद शेजारी ठेवून, "या दोघी कोण?" असं विचारलं होतं. इथला कोदिचे फिस्काले, पॅनसारखा नंबर, नावातल्या व्यंजनांवरून तयार होतो. नुसतं 'स्वाती' असेल तर त्यात एस-डब्ल्यू-टी येतं, 'स्वाती संजय' असेल तर एस-टी-एस. म्हणजे एका कचेरीने पूर्ण नाव धरलं आणि दुसरीने अर्धं, की एकाच बाईचे दोन नंबर, आणि बँक म्हणते तुम्ही अस्तित्वातच नाही. तेव्हा निघण्याआधी विवाह नोंदणीचा दाखला आणि सगळ्यांचे जन्मदाखले अपॉस्टिल करून, म्हणजे परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का मारून, घ्या, भाषांतरं करून घ्या, आणि प्रत्येक खिडकीवर पासपोर्टवरचंच नाव, अक्षरन् अक्षर, सांगा.

परमिट येईपर्यंत हातात पावती असते. पावतीवर भारतात जाता येतं, पण वाटेत दुसऱ्या शेंगेन देशात, म्हणजे सामाईक व्हिसाच्या युरोपीय देशात, विमान बदलता येत नाही. सासरे गेले तेव्हा फ्रँकफर्टमार्गे तिकीट समोर दिसत होतं आणि ते घेता येत नव्हतं. आखातातून पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

एकटेपणा. असतो. भाषा आली की कमी होतो. पुढे.

खरं सांगायचंय ते शाळेबद्दल. आम्ही आलो तेव्हा मुलगा दहाचा होता. गणितात पक्का. पण इथे भागाकार मांडतात उलटा: भाजक उजवीकडे, उभ्या रेघेपलीकडे, आणि उत्तर त्याच्या खाली. शिवाय दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम. याने आपल्या पद्धतीने सोडवलं, उत्तर बरोबर, आणि वहीभर लाल रेघा. मग तो वर्गात बोलेनासा झाला. इथे अर्धी परीक्षा तोंडी असते, उभं राहून बोलायचं, तेव्हा न बोलणारा मुलगा म्हणजे न येणारा मुलगा.

मेदिया नावाची तीन वर्षांची माध्यमिक शाळा असते. तिच्या शेवटच्या वर्षी शिक्षक लेखी सल्ला देतात की मुलाने पुढे कुठे जावं: लिचेओ (पुस्तकी अभ्यासाची शाळा), तांत्रिक शाळा की व्यवसाय शाळा. सल्ला बंधनकारक नसतो. आमच्या कागदावर व्यवसाय शाळा आली. त्याच्या वर्गातल्या दोन पंजाबी मुलांच्या कागदावरही तेच होतं. वर्गाच्या बाई मला म्हणाल्या, "बाबा गोठ्यावर असतात ना? मग लवकर कमावता झालेला बरा." या भागातल्या गाई सांभाळणारे बरेच लोक पंजाबी आहेत. ते नसते तर ग्राना पादानो चीज कुठून आलं असतं, असं इथले शेतकरीच म्हणतात. माझा नवरा इंजिनिअर. मी ताडकन तसं म्हटलंसुद्धा. मला राग नक्की कशाचा आला होता? मुलाला कमी लेखल्याचा, की आम्हाला गोठेवाल्यांत धरल्याचा? अजून ठरवता आलेलं नाही. पेस्सिना क्रेमोनेझेच्या गुरुद्वारात दर काही रविवारी लंगरला जेवतो आम्ही. तिथल्याच एका बाईंनी मला पहिल्या हिवाळ्यात भेंडी आणि तूरडाळ कुठे मिळते ते दाखवलं. आणि त्यांच्या मुलाच्या कागदाबद्दल मी त्या दिवशी शाळेत एक शब्द बोलले नाही.

मुलगा आता तांत्रिक शाळेत आहे, मजेत आहे. तो विषय निघाला की म्हणतो, आई, पुरे. शाळेतल्या त्या बाई शनिवारच्या बाजारात भेटतात, गालाला गाल लावतात, "मुलगा कसा आहे?" विचारतात. मी "छान" म्हणते आणि घरी येईपर्यंत मनात त्यांच्याशी भांडते, तेही आता इटालियनमधून.

तर तुमच्या मुलीचं. अकराव्या वर्षी, सप्टेंबरमध्ये, मेदियाच्या पहिल्या वर्गात घाला. तेव्हा सगळीच मुलं नव्या शाळेत असतात. मधल्या वर्गात जानेवारीत नेऊन बसवू नका. वयाप्रमाणे वर्ग मिळायला हवा. शाळेने खालचा वर्ग सुचवला तर कारण लेखी मागा. दोन वर्षांत परत येणार असाल तर त्या सल्ल्याच्या कागदाशी तुमचा संबंध येणार नाही. तिसरं वर्षही राहावंसं वाटलं, आणि बऱ्याच जणांना वाटतं, तर मात्र येईल.

बोलोन्यात नोंदलेल्या कराराचं घर मिळत असेल तर डोळे झाकून बोलोन्या. नाहीच मिळालं तर त्याच रेल्वेवरचं मोदेना किंवा पार्मा बघा. क्रेमोना सुचवत नाही. हिवाळाभर धुकं असतं आणि पो नदीच्या खोऱ्याची हवा युरोपातल्या वाईट हवेत मोडते. आम्ही हलायचं का, हा विषय आमच्याकडे दर नोव्हेंबरात निघतो. नवरा तयार असतो, मी नसते.