अंगण खरेच वाकडे असते तेव्हा

गिटार हौसेने शिकणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी आली आहेत आणि बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : हात वळत नाही, वय झाले, बोटे जाड आहेत, कान तयार नाही. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपल्याला लहानपणापासून इतकी पाठ असते की वाद्याला दोष द्यायला जीभ धजत नाही. गिटारच्या बाबतीत मात्र आधी अंगण तपासावे आणि मगच पायांकडे वळावे, असे माझे मत आहे. ते का, हे खालील उत्तरांवरून ध्यानात येईल.

प्रश्न : माझे वय 54 आहे. चार महिन्यांपासून मी स्टीलच्या तारांची गिटार शिकत आहे. दहा मिनिटे वाजवले की डाव्या हाताची बोटे इतकी दुखतात की गिटार खाली ठेवावी लागते. बोटांना घट्टे पडले की दुखणे थांबेल, असे मला सांगण्यात आले होते. पण ते थांबलेले नाही. माझे वय आड येत आहे का?

उत्तर : वय आड येत नाही. सुरुवातीला बोटांची टोके प्रत्येकाचीच दुखतात, आणि रोज थोडा वेळ वाजवत राहिल्यास साधारण तीन-चार आठवड्यांत तिथली कातडी निबर होते. चार महिन्यांनंतरही दहा मिनिटांत हात सोडावा लागत असेल, तर माझा पहिला संशय तुमच्या गिटारवर आहे. तो खरा की खोटा, हे घरच्या घरी तपासता येईल.

एक पोलादी मोजपट्टी घ्या. गिटार मांडीवर, वाजवताना धरता तशीच धरा आणि गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी, म्हणजे फ्रेटपैकी, बाराव्या फ्रेटचा माथा व सर्वांत जाड तारेची खालची बाजू यांत किती अंतर आहे ते मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारवर हे अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि सर्वांत बारीक तारेखाली दोनच्या आसपास असले, तर गिटार हाताला सोयीची म्हणायची. या उंचीला वादक ‘ॲक्शन’ म्हणतात. ते अंतर चार मिलिमीटर भरले, तर तुम्ही चार महिने जे सोसत आहात त्याचे कारण सापडले असे समजा. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर चार मिलिमीटर चालतात, कारण त्या तारांचा ताण बराच कमी असतो : सहा नायलॉन तारांचा मिळून ताण साधारण 40 किलो, तर स्टीलच्या नेहमीच्या संचाचा 70 किलोच्या घरात.

आता दुसरी तपासणी. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर डोळा लावून पाहा. तार आणि फ्रेट यांच्यामध्ये जेमतेम कागद सरकेल एवढीच फट दिसली पाहिजे. ती सहज नजरेत भरत असेल, तर गळ्याच्या टोकाला असलेल्या, तारांच्या खाचांच्या पट्टीतल्या, म्हणजे नटच्या, खाचा उथळ राहिल्या आहेत. हा दोष नव्या गिटारींत वारंवार आढळतो आणि नवशिक्याला तोच सर्वांत महागात पडतो, कारण त्याचा सगळा मुक्काम पहिल्या तीन फ्रेटवर असतो आणि उंच नटचा त्रास नेमका तिथेच होतो.

दोन्ही दोष गिटार दुरुस्त करणारा कारागीर थोड्या वेळात काढून देतो. सॅडलची, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिच्यावर टेकतात ती, पट्टी खालून घासून ॲक्शन उतरवता येते. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी करायचा, तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तारांच्या ओढीने गळाच पुढे वाकला असेल, तर आतल्या लोखंडी कांबीने, म्हणजे ट्रस रॉडने, तो सरळ करतात, आणि ही तपासणी सॅडलला हात लावण्याआधी व्हायला हवी. नटच्या खाचा मात्र स्वतः कानशीने घासू नका; एकदा जास्त खोल गेलेली खाच भरून निघत नाही आणि मोकळी तार फ्रेटला लागून झणझणू लागते. जोडीला तारांचा संच बदलून घ्या. बहुतेक गिटारींवर सर्वांत बारीक तार 0.012 इंचाची असलेला संच असतो, 0.010 इंचाचा संच बोटांना पुष्कळ हलका जातो. आवाज किंचित पातळ होईल, तो होऊ द्यावा.

माझी पहिली गिटार कोणीतरी वापरून सोडलेली होती. तिच्या तारा बाराव्या फ्रेटवर पाच मिलिमीटर उंच होत्या, हे मला दीड वर्षाने कळले. तोवर मी त्या दुखण्यालाच साधना समजत होतो आणि इतरांनाही तसेच ऐकवत होतो.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. बोटांच्या टोकांचे दुखणे निराळे आणि मनगटात, अंगठ्याच्या मुळाशी किंवा कोपरापर्यंत जाणारी कळ निराळी. दुसऱ्या प्रकारची कळ आली की वाजवणे लगेच थांबवावे, आणि ती पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना हात दाखवावा. एरवी सलग तासभर बसण्यापेक्षा पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन बैठकी चांगल्या.

प्रश्न : मला बाकीच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे स्वरसमूह, येतात, पण एफ कॉर्डपाशी गाडी अडली आहे. तर्जनीने सहाही तारा दाबायच्या म्हटल्या की निम्म्या तारा मुक्या राहतात. बोटात आणखी ताकद यावी म्हणून कोणता व्यायाम करावा?

उत्तर : व्यायाम करू नका. तुमची समजूतच थोडी दुरुस्त करायला हवी, कारण या कॉर्डमध्ये तर्जनीला सहा तारा दाबायच्याच नसतात. बाकीची बोटे कुठे आहेत ते पाहा (सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी). अनामिका आणि करंगळी पाचव्या व चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला असतात आणि मधले बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला असते. त्या तीन तारांचा भार तर्जनीवर नाहीच. तिला सांभाळायच्या आहेत त्या फक्त सहावी, दुसरी आणि पहिली. मधल्या भागात तर्जनी किंचित उचललेली असली तरी बिघडत नाही. टोक आणि मूळ नीट बसले की झाले. तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याकडील कडेवर थोडी कलती करा, कारण ती कड हाडाची असते आणि सपाट बाजूला सांध्यांच्या पन्हळीत तार बुडून मुकी होते. बोट फ्रेटच्या अगदी मागे, त्याला जवळजवळ टेकलेले असावे.

राहिला प्रश्न जागेचा. पहिल्या फ्रेटवर हीच मुद्रा सर्वांत कठीण जाते, कारण नट शेजारीच असल्याने तारा तिथे लवत नाहीत. तीच मुद्रा पाचव्या फ्रेटवर धरा. ती ए कॉर्ड होईल आणि बहुधा पहिल्याच दिवशी वाजेल. मग दर दोन-तीन दिवसांनी एकेक फ्रेट खाली या. पाचव्यावर सहज वाजते आणि पहिल्यावर काही केल्या वाजत नाही, असे झाले तर वरच्या उत्तरातली कागदाची तपासणी करून पाहा. तोपर्यंत गाणी अडवून ठेवण्याचे कारण नाही : वरच्या दोन जाड तारा सोडून उरलेल्या चार तारांवरची छोटी एफ घ्या. तिला कमी प्रतीची समजण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही.

प्रश्न : मी बरीच वर्षे गाणे शिकले आहे आणि अलीकडे साथीसाठी गिटार घेतली. ट्यूनरवर सहाही तारा काटेकोर लावते, तरीही डी कॉर्ड छेडली की वरचा स्वर मला चढा लागतो. शिक्षकांना तो बरोबर वाटतो. माझा कान चुकतो आहे का?

उत्तर : तुमचा कान बरोबर आहे आणि शिक्षकही खोटे बोलत नाहीत. हा या महिन्यातला माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे, तेव्हा थोडा विस्तार सहन करावा.

गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. एका फ्रेटवरून पुढच्यावर गेले की कंपनसंख्या प्रत्येक वेळी साधारण 1.0595 पटीने वाढते आणि बारा पायऱ्यांनंतर बरोबर दुप्पट होते. या मांडणीमुळे कोणतीही पट्टी घेऊन वाजवता येते. पण त्याची किंमत गंधाराला मोजावी लागते. षड्जाशी पूर्ण मिसळणारा शुद्ध गंधार त्याच्यापासून 5 : 4 या प्रमाणात असतो. अर्धस्वराचे शंभर भाग केले, तर तो षड्जापासून 386 भागांवर येतो. फ्रेटवरचा गंधार 400 भागांवर असतो. म्हणजे तो 14 भाग चढा, आणि गाऊन तयार झालेल्या कानाला एवढा फरक सहज कळतो. आता डी कॉर्ड पाहा : चौथी तार मोकळी, तोच षड्ज, तिसऱ्या तारेवर पंचम, दुसरीवर वरचा षड्ज, आणि पहिल्या, सर्वांत बारीक तारेवर दुसऱ्या फ्रेटला गंधार. तो सर्वांच्या डोक्यावर बसलेला असल्यामुळे तुम्हाला नेमका त्याच कॉर्डमध्ये टोचतो.

पहिली तार किंचित उतरवली तर डी गोड होईल, हे तुम्ही एव्हाना करूनही पाहिले असेल. पण त्याच तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जी कॉर्डचा षड्ज आहे, आणि ती कॉर्ड घेताच तोच षड्ज उतरलेला लागेल. त्यामुळे ही तडजोड सगळ्यांवर सारखी वाटून घेण्यातच शहाणपण आहे.

मात्र 14 भागांच्या वर जो चढेपणा असेल, तो काढता येतो. नवशिके तार गरजेपेक्षा फार जोरात दाबतात, त्याने ती ताणली जाऊन आणखी चढते. एक स्वर धरून दाब हळूहळू कमी करत जा, तार चरचरू लागेल त्या क्षणी थांबा आणि तिथून केसभर दाब वाढवा. एवढाच दाब पुरतो, आणि तो इतका कमी असतो की प्रथम विश्वास बसत नाही. त्यानंतर प्रत्येक तारेवर बाराव्या फ्रेटला नुसते बोट टेकवून निघणारा नाद आणि तिथेच तार दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दोन्ही सारखे आले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा आला, तर आधी तारा बदला, कारण जुन्या, गंजलेल्या तारा असा दगा देतात. नव्या तारांवरही तेच आढळले, तर सॅडलची जागा किंवा तिचा तिरपेपणा कारागिराकडून पाहून घ्यावा.

प्रश्न : कॉर्ड वेगवेगळ्या घेतल्या तर सर्व वाजतात, पण एकीवरून दुसरीवर जाताना गाणे थांबते.

उत्तर : कारण तुम्ही कॉर्डचा सराव केला आहे, वाटेचा केलेला नाही. दोन कॉर्ड घ्या, घड्याळ लावा आणि एका मिनिटात किती वेळा अदलाबदल होते ते मोजून वहीत लिहा. रोज एकच मिनिट. आकडा तिशीच्या पुढे गेला की ती जोडी संथ गाण्यात वापरायला हरकत नाही. सी वरून ए मायनरला जाताना बारकाईने पाहिले, तर तर्जनी आणि मधले बोट जागचे हलतच नाही. फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर येते. तरीही बहुतेक जण तिन्ही बोटे उचलून हवेत नेतात आणि पुन्हा एकेक करून खाली ठेवतात. अशा न हलणाऱ्या बोटांचा शोध प्रत्येक जोडीत घ्यावा.

आणि उजवा हात थांबवू नका. डावा हात वेळेवर पोहोचला नाही, तरी उजव्याने मोकळ्या तारांवर लय चालू ठेवावी. ऐकणाऱ्याला एखादा चुकलेला स्वर खटकत नाही, तुटलेली लय मात्र लगेच खटकते.

प्रश्न : आमचा दहा वर्षांचा मुलगा डावखुरा आहे. त्याला उजव्या हाताची गिटारच द्यावी का?

उत्तर : त्याच्या हातात काहीही न देता, गिटार वाजवण्याचा अभिनय करायला सांगा. तारा छेडायला तो आपण होऊन जो हात वापरेल, त्या हाताची गिटार द्यावी. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची गिटार उलटी धरून तारांचा क्रम बदलून वाजवत असे. लोकगीते गाणारी गिटारवादक एलिझाबेथ कॉटन हिने तर तारांचा क्रमही बदलला नाही आणि अंगठ्याने चाल, बोटांनी खर्ज अशी स्वतःची निराळी शैली घडवली. तरीही मुलासाठी नेहमीची गिटार उलटी करून तारा बदलण्याच्या भानगडीत पडू नका, कारण नटच्या खाचा आणि सॅडलचा तिरपेपणा तारांच्या मूळ क्रमाप्रमाणे केलेला असतो. दहा वर्षांच्या मुलाला बहुधा पाऊण आकाराची, नायलॉनच्या तारांची गिटार योग्य होईल. तिच्यावर पुढे स्टीलच्या तारा चढवू नका. तो ताण तिचा ब्रिज, म्हणजे पोटावरची तारा बांधलेली पट्टी, उखडू शकतो.

प्रश्न : स्वरलेखन शिकावे की टॅबवर भागेल?

उत्तर : हौसेसाठी टॅबवर, म्हणजे तारांच्या रेघांवर फ्रेटचे आकडे मांडणाऱ्या लेखनावर, भागेल. फक्त टॅबमधली सर्वांत वरची रेघ म्हणजे सर्वांत बारीक तार, हे आधी पक्के करा. आणि साध्या टॅबमध्ये बोट कुठे ठेवायचे ते कळते, किती वेळ ठेवायचे ते कळतेच असे नाही, म्हणून ती रचना आधी कानाने ऐकलेली असावी.

प्रश्न : जुन्या दुखापतीमुळे माझी डाव्या हाताची करंगळी वळत नाही. गिटारचा नाद सोडून द्यावा का?

उत्तर : जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट 18 वर्षांचा असताना, 1928 साली, त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि त्याच्या डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमची आखडली. त्यानंतर त्याने जे वादन केले, त्यातल्या द्रुत ताना मुख्यतः तर्जनी आणि मधल्या बोटावर घेतलेल्या आहेत. तुमच्याजवळ त्याच्यापेक्षा एक बोट जास्त आहे. नेहमीच्या मोकळ्या कॉर्डपैकी ई मायनर, ए मायनर, सी आणि डी यांना करंगळी लागतच नाही. जी कॉर्डही तीन बोटांची येते : मधले बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर्जनी पाचवीवर दुसऱ्याला आणि अनामिका पहिलीवर तिसऱ्याला. या पाच कॉर्डपासून सुरुवात करा. बार कॉर्डची, म्हणजे एफसारख्या एका बोटाने अनेक तारा दाबायच्या कॉर्डची, वेळ आली की वर सांगितलेली चार तारांची छोटी एफ घ्या. तिलाही करंगळी लागत नाही.