सोसायटीच्या लॉनवर तणनाशक मारायला परवाना लागतो का?

प्रश्न: नाशिकच्या हद्दीलगत माझा बागदेखभालीचा व्यवसाय आहे. चार माळी आणि नऊ सोसायट्यांची कामं आहेत. गुमास्ता आणि जीएसटी नोंदणी आहे. एका सोसायटीच्या वार्षिक करारात लॉन कापणी, पाणी, खत यांच्याबरोबर 'तणनियंत्रण' असंही लिहिलं आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला माझ्या माळ्याने लॉनवर टू-फोर-डी आणि कंपाउंडच्या कडेने ग्लायफोसेट ही तणनाशकं फवारली. आठवड्याने पलीकडच्या द्राक्षबागायतदाराची तक्रार आली की वेलींची पानं आकसली. आता कमिटी म्हणते, फवारणीचा परवाना दाखवा, तोवर ४२,००० रुपयांचं बिल अडवून ठेवू. एक मित्र सांगतो, बाटली सोसायटीच्या नावावर घेतली की परवाना लागत नाही. मी काय करू?

उत्तर: परवाना लागतो. तो हातात येईपर्यंत उरलेल्या आठ सोसायट्यांमध्येही फवारणी थांबवा.

'आम्ही किडे मारत नाही, तण मारतो' असं या धंद्यातले अनेकजण मनापासून समजतात. पण कीटकनाशके अधिनियम, १९६८ मध्ये 'कीटकनाशक' या शब्दात बुरशीनाशकं आणि तणनाशकंही येतात. कीटकनाशके नियम, १९७१ नुसार घरात, सार्वजनिक किंवा खासगी जागेत, जमिनीवर धंदा म्हणून केलेली फवारणी म्हणजे व्यावसायिक कीडनियंत्रण. अधिनियमाचं कलम १८(२) म्हणतं की परवान्याशिवाय हे काम स्वतः करायचं नाही आणि आपल्या वतीने दुसऱ्याकडूनही करून घ्यायचं नाही. पंप माळ्याच्या पाठीवर होता म्हणून तुम्ही सुटत नाही, कारण फवारणारा ज्या फर्मच्या नियंत्रणाखाली असतो ती फर्मही नियमांच्या लेखी 'ऑपरेटर'च आहे. गुमास्ता हा तुमच्या आस्थापनेचा कागद आणि जीएसटी हा कराचा. फवारणीशी दोन्हींचा संबंध नाही.

मित्राचा सल्ला कलम ३८ च्या अर्धवट वाचनातून आला आहे. स्वतःच्या घरगुती वापरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीवर कुणी कीटकनाशक वापरलं, तर त्याला या कायद्यातून सूट आहे. ही सूट वापरणाऱ्याला असते. तुम्ही दुसऱ्याच्या जागेवर मोबदला घेऊन फवारता, त्यामुळे बाटलीचं बिल कुणाच्याही नावावर असलं तरी ती तुम्हाला मिळत नाही. उलट बाजूलाही एक खड्डा आहे: बिलात 'तणनाशक, ६ बाटल्या' अशी ओळ टाकून औषधाचे वेगळे पैसे लावले, तर ती विक्री ठरू शकते आणि विक्रीचा परवाना वेगळा असतो.

ग्लायफोसेटचा मुद्दा आणखी नाजूक आहे. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत करण्याचं बंधन घातलं. ही अधिसूचना न्यायालयात गेली, पण तिचं पुढे काहीही झालं तरी कलम १८(२) जागच्या जागी आहे. तुमचा बचाव त्या वादावर उभा करू नका.

आता द्राक्षबाग, कारण खरी जोखीम बिलापेक्षा तिथे मोठी आहे. द्राक्षवेल टू-फोर-डीला फार हळवी असते, आणि ऑक्टोबर छाटणीनंतरची कोवळी फूट तर सर्वांत जास्त. वाऱ्याबरोबर गेलेले बारीक थेंबही पुरेसे होतात. पान पंख्यासारखं अरुंद होतं, शिरा एकमेकींजवळ येतात, कडा दातेरी दिसतात, शेंडा पिळवटतो. मात्र अशीच लक्षणं बागेत वापरलेल्या पंपात आधीच्या तणनाशकाचा अंश राहिला असेल तरीही दिसतात. म्हणून तपासणी होण्याआधी तोंडी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर 'चूक झाली, भरून देतो' असं लिहून बसू नका, आणि 'आमचा संबंधच नाही' असंही नको. बागायतदाराला लेखी कळवा की कृषी अधिकाऱ्यांनी दोन्ही पक्षांसमोर पंचनामा करावा, तुम्ही हजर राहाल. नुकसान कंपाउंडलगतच्या ओळींत जास्त आणि आत कमी होत गेलं आहे का, की सगळ्या बागेत सारखं आहे, याची नोंद पंचनाम्यात आवर्जून करून घ्या. वाऱ्याने आलेलं औषध बहुधा कडेकडून आत कमी होत जातं.

रिकाम्या बाटल्या, खरेदीचं बिल, बॅच क्रमांक, पंप आणि नोझल जसेच्या तसे जपून ठेवा. फवारणीची तारीख, वेळ आणि पाण्यातलं प्रमाण माळ्याकडून आजच लिहून घ्या. यातलं काहीही नष्ट केलंत तर पुढे संशय तुमच्यावरच येईल. कीटकनाशक निरीक्षक आले तर त्यांना जागा तपासण्याचा आणि माल जप्त करण्याचा अधिकार आहे. अडवू नका, जप्तीची पावती मागून घ्या. खटल्यासाठी राज्य सरकारची किंवा सरकारने अधिकार दिलेल्या व्यक्तीची लेखी संमती लागते. ती मागितली जाईल तेव्हा तुम्ही लगेच थांबलात याचा कागद तुमच्याजवळ असू द्या.

बिलाचं काय? विनापरवाना फवारणीचे पैसे न्यायालयातून वसूल होतील असं धरून चालू नका. बेकायदा हेतूचा करार भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३ खाली रद्दबातल ठरतो. कापणी, पाणी, खत यांचा मोबदला मात्र कायदेशीर कामाचा आहे. करारात प्रत्येक कामाचा दर वेगळा असेल तर फवारणीची रक्कम वगळून बाकीची मागणी नोटिशीने करा. सगळ्याला मिळून एकच ठोक रक्कम असेल, तर कलम २४ दाखवून सोसायटी संपूर्ण करारावरच बोट ठेवू शकते. अशा वेळी तडजोडीने फवारणीचा भाग सोडून देणं शहाणपणाचं. मागच्या तारखेचं सुधारित बिल बनवण्याचा मोह टाळा. आज दिवाणी असलेलं भांडण त्याने फौजदारी होऊन बसेल.

परवान्यासाठी अर्ज कृषी विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे जातो. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात पहिली चौकशी करा. बहुतेक अर्ज अडतात ते शैक्षणिक पात्रतेवर: कृषी पदवी, किंवा रसायनशास्त्र विषयासह विज्ञान पदवी, आणि किमान १५ दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. ते मैसूरची सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था), हापूडची धान्य साठवण संस्था किंवा हैदराबादची वनस्पती आरोग्य संस्था अशा नेमून दिलेल्या ठिकाणचं लागतं. तुमची पदवी नसेल तर पात्र माणूस खरोखर कामावर ठेवावा लागेल. नुसतं प्रमाणपत्र भाड्याने घेऊन भिंतीवर लावणारे पुढे अडकतात. परवाना मिळाल्यावर फवारणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, प्रथमोपचार आणि रिकाम्या डब्यांची विल्हेवाट यांचे नियमही पाळावे लागतात.

तोवर फवारणीचं काम परवानाधारक फर्मला द्या. परवान्याची प्रत घ्या, त्यावरचं नाव, पत्ता आणि मुदत तपासा. फवारणी त्यांच्याच माणसांनी, त्यांच्याच पंपाने करावी आणि बिलही त्यांचंच असावं. तुमचा माळी आणि त्यांचं लेटरहेड अशी जोडी तुम्हाला वाचवणार नाही. खुरपणी आणि कापणीला हा परवाना लागत नाही. फक्त लव्हाळ्याला खुरपणी पुरत नाही, कारण वरून ओढला की जमिनीतल्या गाठी तशाच राहतात आणि पुन्हा फुटतात.

याच लव्हाळ्यामुळे एक शेवटची सूचना. त्यावर चालणारं हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के दुकानदार लॉनसाठी सहज हातात देतो, पण त्याच्या लेबलवर ऊस हे पीक असतं. परवाना असला तरी औषध लेबलवर दिलेल्या पिकावर आणि जागीच वापरायचं असतं. म्हणून ज्या फर्मला काम द्याल, तिच्याकडून फवारणीआधी औषधाचं नाव आणि लेबलचा फोटो लेखी मागून घ्या.