कूलर लागला आणि रेंज गेली

प्रश्न : मनीषनगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. एप्रिलमध्ये हॉलच्या खिडकीत कूलर बसवला, तेव्हापासून तिथे बोलताना आवाज तुटतो. फोनवर तर तीन दांड्या दिसतात. कंपनी बदलू का?

उत्तर : आधी कूलरकडे बघा. विटांच्या भिंती आणि सळ्यांचा स्लॅब लहरी बऱ्याच अडवतात. घरात रेंज येते ती मुख्यतः खिडक्यांतून. त्याच वाटेत तुम्ही पत्र्याची पेटी उभी केलीत. पत्र्यातून लहरी पार होत नाहीत, आपटून परत फिरतात. फायबरच्या कूलरने एवढं बिघडत नाही.

दांड्यांवर विसंबू नका. किती रेंजला किती दांड्या, हे फोन बनवणारे आपापलं ठरवतात. अँड्रॉइड फोनमध्ये आकडा बघा : सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस, सिग्नल स्ट्रेंथ. (काही फोनमध्ये नावं थोडी वेगळी असतात.) आकडा उणे असतो. फोर-जीवर उणे ९० चांगला, उणे १०५ काठावरचा, उणे ११५च्या खाली आवाज तुटणारच. १० अंकांचा फरक किरकोळ वाटतो, पण तेवढ्यात सिग्नलची शक्ती दहा पटीने घटते. कूलरपाशी, दुसऱ्या खिडकीपाशी आणि गच्चीवर अर्धा-अर्धा मिनिट थांबून आकडे लिहून घ्या. गच्चीवरही उणे ११० आला तर कूलर निर्दोष. मग शेजाऱ्यांचं दुसऱ्या कंपनीचं सिम त्याच जागी तपासा आणि ठरवा. आकडा चांगला, तरी फक्त रात्री आठ-नऊलाच कॉल तुटतो? मग टॉवरवर गर्दी असण्याची शक्यता जास्त.

मे महिन्यात नागपुरात कूलर काढा असं कोण सांगेल! घरी ब्रॉडबँड असेल तर सिमच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करा, म्हणजे कॉल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून जाईल. ऑनलाइन मिळणारा रेंज वाढवायचा बूस्टर मात्र नको : विनापरवाना वापरणं बेकायदा आहे, आणि आसपासच्यांचीही रेंज बिघडते.

प्रश्न : महिन्याचा रिचार्ज दर वेळी तारखेच्या आधीच कसा संपतो?

उत्तर : कारण तो बहुधा २८ दिवसांचा असतो. म्हणून वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज पडतात. ८४ दिवसांचा प्लॅन म्हणजेही २८ गुणिले तीनच. जानेवारी २०२२मध्ये ट्रायने (फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला भरायचा प्लॅन ठेवायला सांगितलं. दुकानात तो नाव घेऊन मागा. प्लॅन निवडताना किमतीला दिवसांनी भागा. २८ दिवसांचा ‘स्वस्त’ प्लॅन कधी कधी तिथेच महाग निघतो.