हॉरर अलीकडे काय पाहिलंत, आणि एकट्याने बघावं असं काही सुचवाल का?

पहिलं नाव 'लपाछपी' (2017). विशाल फुरिया दिग्दर्शक, पूजा सावंत आणि उषा नाईक. गरोदर बाई, आडबाजूचं घर आणि चहूबाजूंनी ऊस, बस्स! याचाच हिंदी अवतार म्हणजे 2021 चा 'छोरी', पण आधी मराठी बघा. मी गेल्या महिन्यात निफाडला मामाकडे ओट्यावर बसून मोबाइलवर पाहिला. समोर वीस पावलांवर मामाचाच ऊस. वारा सुटला की पाचट सळसळायचं, आणि मी दर वेळी पॉज करून तिकडे बघायचो. मामी म्हणाली, "अरे, डुक्कर असेल." त्याने काही धीर आला नाही. यात भुतापेक्षा घरातली माणसं जास्त अंगावर येतात, म्हणून तो डोक्यातून जात नाही.

'तुंबाड' सांगायला नकोच. 2018 ला थिएटरमध्ये फारसा चालला नाही, 2024 ला पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमावला. कल्ट म्हणतात ते हेच. आम्ही कॉलेज रोडवरून चौघं गेलो होतो, परतताना पाऊस लागला आणि गाडीत कोणी बोलेना.

जुन्यातला रामगोपाल वर्मांचा 'रात' (1992) बघा. रेवतीचं काम जबरदस्त. शेवटाकडे मांत्रिकाचा भाग मला जरा लांबलेला वाटला, पण हेडफोन लावून बघा, आवाजावरच अर्धी भीती उभी आहे.

रामसेंचा 'पुराना मंदिर' (1984) मात्र एकट्याने नको, मित्र आणि चिवडा हवा. तो हसायलाच.