सापांचं वेड आणि तिसरीतलं वाचन

"मॅडम, साप सगळे तोंडपाठ, पण धडा काढला की याचं पोट दुखायला लागतं." तिसरीतल्या मुलाची आई सांगत होती. शिक्षा म्हणून सापांचे व्हिडिओ आणि सापांचं पुस्तक, दोन्ही बंद केलेलं. व्हिडिओंचं ठीक आहे हो, पण पुस्तक? त्याने आपणहून उघडलेलं ते एकमेव पुस्तक होतं.

डोळे आणि कान आधी तपासून घेतले, दोन्ही ठीक. मग ते पुस्तक मागवलं. पठ्ठ्याने घडाघडा वाचून दाखवलं, आई चाट पडली. मी तळहाताने चित्र झाकलं आणि गाडी थांबली. तो अक्षर बघतच नव्हता, साप ओळखून नाव सांगत होता.

म्हणून चित्रांशिवाय, नुसत्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या. आधी नाग, अजगर. मग धामण, दिवड, घोणस, फुरसे, नानेटी. जोडाक्षरवाले मण्यार आणि कवड्या मुद्दाम मागे ठेवले. 'म' दिसला की स्वारी 'मांडूळ' ठोकून मोकळी! "अरे, मांडूळ बिनविषारी, मण्यार जहाल विषारी. नीट बघ." तेव्हा कुठे बोट 'ण्या'खाली सरकलं.

लिहिण्याचं काम आईकडे दिलं. रोज त्याने एका सापाबद्दल सांगायचं, तिने त्याच्याच शब्दांत उतरवायचं, रात्री त्याने ते वाचायचं. पहिल्याच दिवशी वहीत आलं, "कवड्याचे पट्टे मानेपासूनच चालू होतात न् शेपटीकडं गायब. मण्यारचं उलटं." आईला 'शेपटीकडं' खोडून 'शेपटीकडे' करायचं होतं. मी नको म्हटलं. स्वतःचं बोलणं कागदावर ओळखू येतं म्हणूनच मूल ते वाचतं; शुद्धलेखनाला पुढे वेळ आहे. एक वाक्य मात्र माझ्या आग्रहाने वहीत गेलं: साप दिसला तर लांब राहायचं, मोठ्यांना सांगायचं, सर्पमित्राला बोलवायचं.

शाळेचा धडा तो अजून अडखळतच वाचतो, पण पोट दुखत नाही. ज्यांच्या घरी बैल, मांजर किंवा डायनासोरचं वेड आहे, त्यांनी त्याच नावांपासून सुरुवात करावी. आणि काही महिने नियमित सराव करूनही आवडीच्या शब्दांतलीसुद्धा अक्षरं ओळखता येत नसतील, तर आळस म्हणून सोडून देऊ नका. अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं शिकायला अवघड जातं त्याची, तपासणी करून घ्या.