नाशिकमधल्या छोट्या ऑटो पार्ट्स कारखान्यांना पर्यावरणपूरक उत्पादन का जमत नाही?

इच्छा नसते म्हणून जमत नाही, असं मला वाटत नाही. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचं सात माणसांचं सीएनसी मशिनिंगचं (संगणकावर चालणाऱ्या मशिनवर धातूचे भाग कापून घडवण्याचं) युनिट आहे, त्यामुळे जवळून बघतोय.

मूळ दुखणं अडकलेल्या पैशाचं. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे बिलाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत मिळायला हवेत. आमच्या एका बिलाचे पैसे चौथ्या महिन्यात आले. तोवर पगार, स्टील, वीज सगळं कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या उधारीवर चाललेलं. अशात वीज वाचवणारा नवा कॉम्प्रेसर (मशिनांना दाबाची हवा पुरवणारं यंत्र) कुठून घेणार? त्यात शेड भाड्याची, सोलरचं नाव काढलं की मालक म्हणतो पत्रा गळेल.

दुसरं कूलंटचं, म्हणजे कापताना मशिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं. वापरलेलं कूलंट आणि तेल घातक कचऱ्यात मोडतं, ते अधिकृत ठिकाणीच पाठवावं लागतं, आणि ते योग्यच आहे. पण आमचा महिन्याला जेमतेम एक ड्रम भरतो. एका ड्रमसाठी गाडी कोण पाठवणार? शेजारच्या चार-पाच युनिटांनी मिळून एकच फेरी ठरवली तर हे सुटतं, म्हणून सध्या मी त्याच्याच मागे आहे.

बिनखर्चाचं एक काम मात्र आजच करा. सुट्टीच्या दिवशी मशिनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा आणि एअर लाइनच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की तिथून हवा गळतेय आणि वीज वाया जातेय. आमच्याकडे तीन कपलरवर (पाइपच्या जोडांवर) बुडबुडे आले होते.

झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट: दोष नाही, पर्यावरणाला धक्का नाही) या सरकारी प्रमाणपत्राच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगांना 80 टक्के सवलत आहे, तीही बघा.