त्या लाल तुटक रेषेचं आधी बघा

तुम्ही आखलेल्या बस मार्गिकेचा (रस्त्यावर फक्त बससाठी राखीव पट्टा) आराखडा तयार, लोकांच्या हरकतींवरची सुनावणी १० दिवसांवर आणि 'घरं जाणार' ही अफवा आधीच गावभर. तुमची अडचण वाचली आणि पोटात गोळा आला. काही वर्षांपूर्वी मी याच जागी होतो.

सूचना कधी काढायची, मुदत किती ठेवायची, हे तुम्हाला ठाऊक असणारच. मी नकाशाबद्दलच बोलतो, कारण आमचं काम त्यानेच बुडवलं. मोजणी कुठपर्यंत केली ते आम्ही लाल तुटक रेषेने दाखवलं होतं. एका आजींनी त्या रेषेवर बोट ठेवलं, सरकवत आपल्या घरापर्यंत नेलं आणि विचारलं, "म्हणजे माझी पुढची खोली जाणार ना?" मी म्हणालो, "कोपऱ्यात खुणांचे अर्थ दिलेत, बघा." तिथेच चुकलो. अक्षरं मुंगीएवढी होती, त्यांना चष्मा लावूनही दिसेनात. 'नाही आजी, खोली जात नाही' एवढंच म्हणायचं होतं. संध्याकाळपर्यंत नकाशाचा फोटो घरोघरी पोचला, तो नेमका कोपरा वगळून.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त नकाशा लावायची परवानगी मागितली. संबंधित कार्यालय म्हणालं, सही झालेला नकाशा बदलता येत नाही, पुढच्या बैठकीत ठेवा. ती ६ आठवड्यांनी झाली. तोवर दारावर साधा खुलासा चिकटवायलाही नकार! लोकांची झोप उडाली होती आणि उत्तर हातात असून आम्ही गप्प. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं मत (मी कायद्याचा जाणकार नाही, तुमच्याकडचे नियम तपासा): सभागृह आणि मंच नंतर. आधी रस्त्यावर जा, मार्गिकेची कड खडूने आखा, लोकांना तिथे उभं राहून बघू द्या. जमलं तर रस्त्यावर प्लास्टिकचे शंकू (ट्रॅफिक कोन) लावून काही आठवडे मार्गिका चालवूनच दाखवा. स्वीडनमधल्या स्टॉकहोमने २००६ साली शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवरचा गर्दी कर जानेवारी ते जुलै चालवून पाहिला आणि मग सप्टेंबरमध्ये लोकांचं मत घेतलं. आधी बहुतेकांचा विरोध होता. वाहनं सुमारे २० टक्क्यांनी घटलेली दिसली, तेव्हा शहराने थोड्या फरकाने का होईना, बाजूने कौल दिला.

हरकतींना क्रमांक आणि पोच द्या. उत्तर 'नाही' असलं तरी कारणासकट लेखी कळवा.

आणि आजच तो नकाशा घरातल्या कुणासमोर ठेवा. काही सांगू नका, बोट कुठे जातं तेवढं बघा.